सुखाने निवृत्त कसे व्हावे? सामान्य नागरिकांसाठी सात पायऱ्यांची मार्गदर्शिका

निवृत्तीचे नियोजन तिशीतच सुरू करावे, असे सगळे गुंतवणूक सल्लागार सांगतात. एसआयपी, पीपीएफ, विमा, जमल्यास गावाकडे दोन गुंठे. सल्ला चुकीचा नाही, पण वाट फार लांबची आहे. त्याहून जवळची एक वाट 1976 पासून खुली आहे. त्याच वर्षी खासदारांना पेन्शन सुरू झाले आणि महाराष्ट्र विधानमंडळ सदस्य निवृत्तिवेतन अधिनियमावरही तेच साल आहे. जवळपास पन्नास वर्षे होत आली, तरी बहुसंख्य जनता अजून प्रॉव्हिडंट फंडाच्या कार्यालयाबाहेरच रांगेत उभी दिसते. तिच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका.

पहिली पायरी: नोकरी विचारपूर्वक निवडावी

इच्छुकाने साखर कारखाना, दूध संघ, एसटी महामंडळ किंवा खासगी कंपनी यांच्या फंदात पडू नये. तिथे ईपीएस-95 ही योजना लागू होते. तिच्यात पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन वयाच्या 58 व्या वर्षी सुरू होते. हिशेब सोपा आहे: पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. पेन्शनपात्र पगाराची मर्यादा 15,000 रुपये. म्हणजे 35 वर्षे यंत्रापुढे उभे राहिलेल्या कामगाराच्या हाती या हिशेबाने येतात महिना 7,500. पगार कमी असेल, मध्ये सेवा खंडित झाली असेल, तर आकडा घसरत जातो. तो घसरून घसरून कुठवर जाईल याची मात्र सरकारने काळजी घेतली आहे. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये आहे.

याउलट खासदारकीत सेवेची किमान अट नाही. 2004 च्या दुरुस्तीने कायद्यात ‘कितीही काळ’ सदस्य राहिलेली व्यक्ती पेन्शनला पात्र ठरली. बारावी लोकसभा मार्च 1998 मध्ये अस्तित्वात आली आणि एप्रिल 1999 मध्ये बरखास्त झाली. त्या तेरा महिन्यांपुरतेच कोणी खासदार राहिले असेल, तर त्यालाही पूर्ण पाच वर्षे काढलेल्या माणसाइतकेच पेन्शन आहे. 2025 मध्ये जाहीर झालेल्या दरानुसार ते महिना 31,000 रुपये. पाचापुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी 2,500.

आमदारकीचा दर तर त्याहून चांगला. महाराष्ट्रात 2016 च्या सुधारणेने माजी आमदाराचे पेन्शन 50,000 झाले, शिवाय पाचापुढच्या दर वर्षाला 2,000. पंचवीस वर्षे निवडून येत राहिलेल्या माणसाने पाटी-पेन्सिल घेऊन बेरीज करावी: 90,000. ऑगस्ट 2016 मध्ये ही सुधारणा विधिमंडळात चर्चेविना मंजूर झाली. कामकाज वेळेत कसे संपवावे, याचाही तो वस्तुपाठ होता.

दुसरी पायरी: वर्गणी भरू नये

पेन्शन हवे तर आधी पदरचे घालावे लागते, हा समज नोकरदारांनी पसरवलेला आहे. ईपीएसमध्ये मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम दरमहा वळती होते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, सरकारी कर्मचाऱ्याचे 10 टक्के कापले जातात आणि मग बाजार काय देईल ते घ्यायचे. लोकप्रतिनिधीच्या पेन्शनसाठी अशी कुठलीही कपात नाही. ते थेट तिजोरीतून येते.

इथे 2004 या सालाचा अभ्यास उपयोगी पडेल. त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांची हमीची पेन्शन बंद झाली. महाराष्ट्राने तोच कित्ता 1 नोव्हेंबर 2005 पासून गिरवला. सेवेची अट काढून खासदारांच्या पेन्शनचा दरवाजा रुंद केला तोही 2004 मध्येच. एकाच वर्षात एकीकडे देशाला पेन्शनचा बोजा झेपेनासा झाला आणि दुसरीकडे तो झेपू लागला, ही किमया अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी.

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले. शाळा ओस पडल्या, रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. पुढे केंद्राची एकीकृत पेन्शन योजना आली. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, दहा वर्षे झाली तर किमान 10,000. लढून मिळाले ते एवढे, आणि पगारातली कपात तिथेही सुटली नाही.

तिसरी पायरी: महागाईशी सोयरीक जुळवावी

सगळ्या मार्गदर्शिकेत हीच पायरी महत्त्वाची आहे, म्हणून इथे इच्छुकाने थोडे थांबावे.

पूर्वी खासदारांनी स्वतःचा पगार स्वतः वाढवला की वर्तमानपत्रांत अग्रलेख यायचे. 2018 मध्ये त्यावर कायमचा तोडगा निघाला. दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार पगार आणि पेन्शन आपोआप वाढायचे. मतदान नाही, गोंधळ नाही, अग्रलेखही नाही. त्यानुसार एप्रिल 2023 पासून पगार एक लाखाचा 1,24,000 झाला आणि पेन्शन 25,000 चे 31,000. वाढ बरोबर 24 टक्के. व्यवस्था खरोखर चांगली आहे. महागाई वाढते तसे म्हाताऱ्या माणसाचे उत्पन्न वाढावे, याहून रास्त काय असेल?

आता हाच चष्मा इकडे लावून पाहावा. ईपीएसचे किमान 1,000 हे 2014 पासून 1,000 आहेत. तेच 24 टक्के मिळाले असते तर 1,240 झाले असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना 200 रुपये आहे. 2007 मध्ये योजनेला हे नाव मिळाले तेव्हा तो 200 होता, आजही 200 आहे. 24 टक्क्यांनी 248 झाला असता. वर्षानुवर्षे हललेला नाही असा दुसरा दर बाजारात शोधून सापडणार नाही. भाव स्थिर कसे ठेवावेत याचे इतके यशस्वी उदाहरण जवळ असताना रिझर्व्ह बँक उगाच चिंता करते.

ईपीएस पेन्शनर किमान 7,500 रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि मोफत उपचार मागतात. त्यासाठी 2018 च्या अखेरीस बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू झाले. सत्तरी गाठलेली माणसे पाळीपाळीने उपाशी बसली. इच्छुकाने ही पद्धत टाळावी. निर्देशांकाला उपोषण करावे लागत नाही.

चौथी पायरी: पेन्शनवर पेन्शन रचावे

सामान्य माणसाचा प्रश्न असतो, एक तरी पेन्शन मिळेल का? अनुभवी माणसाचा प्रश्न असतो, किती मिळतील? खासदारांच्या कायद्यात स्पष्ट सोय आहे: दुसरे कुठले पेन्शन मिळत असेल तर हे त्याच्या जोडीला मिळेल. म्हणून आधी आमदार आणि मग खासदार हा क्रम फायद्याचा. जगदीप धनखड यांनी जुलै 2025 मध्ये उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि पुढच्याच महिन्यात राजस्थानात माजी आमदाराच्या पेन्शनसाठी अर्ज केला. किशनगडचे आमदार म्हणून त्यांनी 1993 ते 1998 काम केले होते. तिथल्या नियमाने मूळ पेन्शन 35,000 आणि सत्तरी ओलांडलेल्यांना 20 टक्के जास्त, म्हणजे 42,000. अर्ज पूर्णपणे कायदेशीर होता. कायदेशीर आहे हेच इथे शिकण्यासारखे आहे.

पाचवी पायरी: आजारी पडण्याआधी पद मिळवावे

माजी खासदाराला वर्गणी भरून केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा, म्हणजे सीजीएचएसचा, लाभ घेता येतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिचे दवाखाने आहेत. तिथे तपासणी होते आणि रोजच्या गोळ्याही मिळतात.

सामान्य नागरिकाच्या वाट्याला काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डाला चालते, संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचे कार्ड उत्पन्न न पाहता मिळते. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. कागदावर हे सगळे मोठे आहे आणि अनेकांचे प्राण त्यामुळे वाचलेही आहेत.

फक्त आजार योग्य प्रकारचा निवडावा. या विमा योजना माणूस रुग्णालयात दाखल झाला की जाग्या होतात, आणि तेही यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारासाठी. तळमजल्यावर आरोग्यमित्राचे टेबल असते. त्याच्यापुढे रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरची चिठ्ठी ठेवायची. तो कागद स्कॅन करून वर पाठवतो आणि मग नातेवाईक दर अर्ध्या तासाने येऊन विचारतात, “मंजुरी आली का?” रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या माणसाला रोज लागतात, त्यासाठी रोज दाखल होता येत नाही. त्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आल्या असतील तर. नसतील तर बाहेरून.

सहावी पायरी: प्रवासाला निघावे, पण पद घेऊन

मार्च 2020 पर्यंत साठीपुढच्या पुरुषांना रेल्वेभाड्यात 40 टक्के आणि अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. करोनात म्हाताऱ्यांनी उगाच फिरू नये म्हणून ती काढली. करोना गेला, सवलत परत आली नाही. माजी खासदाराला मात्र एका सोबत्यासह वातानुकूलित द्वितीय श्रेणीत आणि एकट्याने गेल्यास प्रथम श्रेणीत मोफत रेल्वेप्रवासाची सोय आहे. पंढरपूरला निघालेल्या आजीने सोबती कोण निवडावा, याचा निष्कर्ष तिने स्वतःच काढावा.

महाराष्ट्रापुरते एसटीने आजीची थोडी लाज राखली आहे. 2022 पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत, 2023 पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख एसटीनेच फिरत. आमदाराला हा मार्ग बंद नाही, याची नोंद असावी.

सातवी पायरी: गरिबी सिद्ध करायची वेळ येऊ देऊ नये

वरच्या सहाही पायऱ्या चुकल्या, तर उरते श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. महिना 1,500 रुपये. वय 65 पूर्ण, महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत.

हा शेवटचा आकडा नीट पाहावा. वर्षाला 21,000 म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एकाने 68 दिवस रोहयोवर खडी फोडली, की हिशेबाने म्हातारीचे पेन्शन धोक्यात. सरकारचीच एक योजना घेतली की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून माणूस श्रीमंत म्हणून बाहेर. म्हणून तलाठ्यासमोर बसलेला अर्जदार आवाज खाली आणून विचारतो, “आप्पा, किती लिहायचं?” आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर वीस हजारांच्या आसपासचा एखादा आकडा उमटतो. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला आलाच. यंत्रावर अंगठा उमटला नाही, कारण खुरप्याने रेषा झिजल्यात, तर पुन्हा एक चक्कर.

माजी आमदाराला पेन्शनसाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्याच्या नावावर साखर कारखाना असो की शिक्षणसंस्था, पन्नास हजार तेवढेच.

सावधगिरीच्या सूचना

उमेदवारी अर्ज भरताना राज्य पाहून भरावा. गुजरातेत माजी आमदारांना पेन्शन नाही, आणि तरीही तिथे निवडणुकीला उमेदवार कमी पडल्याचे ऐकिवात नाही. पंजाबात पूर्वी जितक्या वेळा निवडून यावे तितक्यांदा पेन्शन वाढे. 2022 मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा झाला. प्रकाशसिंग बादल यांनी त्याआधीच आपले पेन्शन नको म्हणून कळवले होते. हिमाचल विधानसभेने 2024 मध्ये पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांचे पेन्शन रोखणारे विधेयक मंजूर केले. महाराष्ट्रातल्या इच्छुकांनी ही बातमी शांतपणे वाचावी.

शंकासमाधान

लोकप्रतिनिधीला पेन्शनच नको, असे काही जण तावातावाने म्हणतात. ते बरोबर नाही. आयुष्य चळवळीत घालवलेला, जमीन न जमवलेला माजी आमदार आजही कुठे कुठे सापडतो. म्हातारपणी त्याने ठेकेदाराच्या दारात उभे राहू नये, हे लोकशाहीच्याच हिताचे आहे. तक्रार त्याच्या ताटातल्या भाकरीबद्दल नाही. किमान सेवेची अट नाही, वर्गणी नाही, महागाईप्रमाणे आपोआप वाढ आहे आणि गरिबीचा दाखला नाही: म्हातारपण कसे सांभाळावे याचे चारही उत्तम नियम देशात लिहून तयार आहेत. ते कोणाला लागू करायचे, एवढाच प्रश्न आहे.

तो प्रश्न न्यायालयात नेता येईल का? एका संस्थेने नेला होता. माजी खासदारांच्या पेन्शनला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2018 मध्ये फेटाळली. हा धोरणाचा विषय आहे, तो संसदेने ठरवायचा. तेव्हा नागरिकाने आपल्या मतदारसंघाच्या विद्यमान खासदारांच्या नावे साधा अर्ज लिहावा. विषयाच्या ओळीत ‘ईपीएस-95 व वृद्धापकाळ पेन्शनला आपल्याच पेन्शनचा महागाई निर्देशांक लावणेबाबत’ असे स्पष्ट लिहावे. सोबत आधारची छायाप्रत जोडावी. अर्ज दोन प्रतींत करावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.