पद्मिनी रुसली असता करावयाचे उपाय

सदर मार्गदर्शन घरात प्रीमियर पद्मिनी बाळगून असलेल्या सद्गृहस्थांसाठी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट म्हणून बनलेली आणि १९७०च्या दशकात पद्मिनी हे नाव घेतलेली ही गाडी मिळवायला आजोबांनी नंबर लावून काही वर्षं वाट पाहिली होती. तिने आज आपल्याला तासभर वाट पाहायला लावली, तर तो घराण्याचा रिवाज समजावा. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तिच्याबरोबर बॉनेटखाली न विचारता मान घालणारे तज्ज्ञ टॅक्सीवालेही दुर्मीळ झाले. तेव्हा यापुढे आपले आपणच.

गाडी सेल्फला फिरते आहे पण चालू होत नाही, अशा वेळी पहिला उपाय म्हणजे बॉनेट न उघडणे. डॅशबोर्डावरचा काटा अर्धी टाकी दाखवत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की काटा मध्यभागी अडकला आहे. टाकीचं झाकण काढा, तिथे कान लावा आणि कुणाला तरी गाडी मागून हलवायला सांगा. डचमळल्याचा आवाज आला तर पुढे वाचा. नाही आला तर कॅन घेऊन पंपावर जा आणि या लेखाला नावं ठेवू नका.

यापुढचं सगळं शास्त्र दोनच प्रश्नांचं आहे: इंजिनाला पेट्रोल मिळतंय का, आणि ठिणगी मिळतेय का? बाकी जे काही आपण ऐकाल, ते शेजाऱ्यांचं मत असतं.

ठिणगीसाठी एक प्लग काढा, त्याच्या वायरीत बसवा आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवून सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. निळी, कडकडीत ठिणगी उत्तम. पिवळी, मरगळलेली असेल तर दुखणं आगीच्या बाजूला आहे. उघडी वायर हातात धरून तपासण्याचीही एक पद्धत आहे. तिचं उत्तर लगेच मिळतं, पण ते खांद्यापर्यंत जातं. प्लग हातात आलाच आहे तर त्याचा रंगही बघून घ्या. फिकट तपकिरी आणि कोरडा म्हणजे प्रकृती ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि वास येणारा म्हणजे आपण चोक ओढून पाच मिनिटं सेल्फ मारत होतात, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पुन्हा एकदाच प्रयत्न करा.

ठिणगीच नसेल तर डेल्कोकडे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे वळावं. झाकण काढून आतून पुसा. पावसाळ्यात निम्मी दुखणी या एका फडक्याने बरी होतात, आणि तरीही कोणी आधी हे करत नाही, कारण फडक्यात शौर्य दिसत नाही. मग आतले उघडझाप करणारे पॉइंट. ते जळून खडबडीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून स्वच्छ पुसा. गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत हवी. ती मोजायची केव्हा? तर कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आला आणि पॉइंट पूर्ण उघडले, तेव्हा. नवशिके अर्धवट उघड्या पॉइंटची गॅप मोठ्या निष्ठेने लावतात. फीलर गेज नसेल तर जुने मिस्त्री पोस्टकार्डावर भागवत. प्लगची गॅप ते हॅकसॉच्या पात्याने बघत. पॉइंट सारखे जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

आता सर्वांत कठीण नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉइंट साफ केले की सेल्फ मारून बघा. मग प्लग, मग वायरी. पण आपण रविवार गाजवणारे गृहस्थ. आपण पॉइंट, प्लग आणि कारबोरेटरचा स्क्रू असं तिन्ही एका दमात करतो. गाडी चालू झाली तर कशाने झाली ते कळत नाही. नाही झाली तर आता तीन दुखणी आहेत. त्यात वरच्या मजल्यावरचे काका येऊन "टायमिंग बघितलंत का?" विचारतात. टायमिंगला हात लावू नये. काकांनाही लावू देऊ नये.

प्लगच्या चारही वायरी एकदम उपटू नयेत. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ आहे. तो चुकला की गाडी कारबोरेटरमधून शिंकते आणि जमलेली मुलं टाळ्या वाजवतात.

मे महिन्यात कसारा घाटात गाडी अचानक विझली, ठिणगी उत्तम आहे आणि कारबोरेटर कोरडा आहे, तर घाबरू नका. या गाडीत एसी नसला तरी एसी पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कारबोरेटरकडे ढकलणारा पंप, असतो. तो इंजिनाला चिकटून बसल्यामुळे आतलं पेट्रोल उकळून वाफ होतं, आणि वाफ काही पुढे ढकलली जात नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा आणि बाटलीतलं उरलेलं पाणी रेडिएटरपेक्षा सहप्रवाशांना द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेल्यांचे चेहरे शाबूत आहेत. अर्ध्या तासात गाडी आपोआप चालू होते. तेवढ्यात एखादा ट्रकवाला थांबून पंपावर कांदा चिरून ठेवायला सांगेल. त्याला नमस्कार करावा.

इंजिन ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र पाना खाली ठेवा. हेड गॅस्केट गेलं आहे, पाणी आणि ऑइल एक झालं आहे, आणि यापुढचा अध्याय गृहस्थाश्रमात बसत नाही.

मिस्त्री आल्यावर तो पहिला प्रश्न विचारतो, "आधी कुणी हात लावला होता का?" यावर सगळं घर एका आवाजात "नाही" म्हणतं. हे उत्तर महाग पडतं, कारण तो मग आपलेच उलटे बसवलेले भाग शोधण्याचे पैसे लावतो. काय काय उघडलं ते क्रमाने सांगावं. काका आसपास नसताना सांगितलं तरी चालेल. आणि तो जुना, चालू स्थितीतला कंडेन्सर काढून नवीन बसवेल, तेव्हा जुना फेकू देऊ नका. कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. नवा किती दिवस टिकेल, हे मिस्त्रीही सांगत नाही.