तीन अधिक दोन

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कोथिंबिरीपासून मुंजीच्या गुरुजींपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे मुलांना इंजिनिअर करण्याची आपली जुनी सवयही इथे छान टिकून आहे. आमच्या लेकीने बारावीत असताना जाहीर केलं, की तिला एका लहानशा लिबरल आर्ट्स कॉलेजात फिजिक्स आणि तत्त्वज्ञान शिकायचंय. बाबाचा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाली, "इंजिनिअरिंगही करेन ना. थ्री-टू."

थ्री-टू म्हणजे तीन वर्षं त्या कॉलेजात, पुढची दोन कोलंबियासारख्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला आणि शेवटी हातात दोन पदव्या, एक बी.ए., एक बी.एस. साताऱ्याच्या आत्यांनी फोनवर हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात, तसंच की. दहावीला मार्क कमी पडले का गं तिला?"

नवऱ्याने एक्सेल उघडलं. त्याचं मत होबोकेनच्या स्टीव्हन्सला. चार वर्षं, एक पदवी, पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंग, विषय संपला. थ्री-टूच्या रकान्यात मात्र लाल रंग वाढत चालला. पाचव्या वर्षाची फी. तीन वर्षांत कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग सगळं उरकायचं, वर बी.ए.चे विषय आहेतच. एवढं करून पुढची जागा पक्की असेलच असं नाही.

मला मात्र वेगळीच शंका होती. ही योजना माहेर-सासरासारखी आहे. तीन वर्षं माहेरी लाडात काढायची आणि ऐन मैत्रिणींच्या पदवीदान समारंभाच्या वर्षी सामान बांधून परक्या घरी जायचं, तेही थेट तिसऱ्या वर्षाच्या वर्गात. डार्टमथवाल्यांनी तर यात आणखी सोय काढली आहे. तिसरं वर्ष त्यांच्याकडे, चौथं पुन्हा आपल्या कॉलेजात, पाचवं परत त्यांच्याकडे. थोडक्यात, नांदायला जाऊन माहेरपणाला यायचं. थ्री-टू म्हणून नाव घातलेली पुष्कळ मुलं मुळी सासरी जातच नाहीत, ते उगाच नाही. विसाव्या वर्षी जिवाभावाची माणसं सोडून थर्मोडायनॅमिक्सकडे कोण जाईल?

नवरा स्टीव्हन्सचे नामवंत विद्यार्थी शोधायला लागला. 1883 चा फ्रेडरिक टेलर, कामगारांच्या मागे घड्याळ लावणारा, त्याला फारच जवळचा वाटला. पुढे 1919 चा मेकॅनिकल इंजिनिअर अलेक्झांडर काल्डर सापडला. लेकीला तो आधीच माहीत होता. "बाबा, त्याने पुढे आयुष्यभर तारा वाकवून शिल्पं केली. हवेत डोलणारी. म्युझियममध्ये असतात." काल्डरची ओळ एक्सेलमधून उडाली.

आम्हा दोघांना असली निवड कधी करावी लागली नव्हती. बारावीचे मार्क ज्या शाखेच्या दारात नेऊन सोडतील, ती आपली आवड. मग काचेखाली दिवा लावून मित्राच्या ड्रॉइंग शीटवरून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची आणि व्हायवाला आत्मविश्वासाने गप्प बसायचं. यातून मी बरी इंजिनिअर झाले, पण मला नक्की काय आवडतं हे चाळिशीपर्यंत कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. म्हणून मी लेकीच्या बाजूने मत दिलं. शिवाय थ्री-टू ही खरी आईबापांसाठीच काढलेली योजना आहे, असं माझं ठाम मत झालंय. मूल तीन वर्षं हवं ते शिकतं आणि आपल्याला तीन वर्षं गणेशोत्सवाच्या रांगेत "इंजिनिअरिंगच करतेय, कोलंबियाला जायचंय" असं खोटं न बोलता सांगता येतं.

इथे कॉलेजचं डिपॉझिट भरायची नेहमीची शेवटची तारीख 1 मे. महाराष्ट्र दिनी आमच्या घरातून पैसे गेले ते त्या लहानशा कॉलेजला.

ऑक्टोबरात लेकीचा फोन आला. जिऑलॉजी घेतलंय, शनिवारी हातोडी घेऊन खडक फोडायला गेलो होतो, भयंकर मजा आली. कॅल्क्युलस? ते पुढच्या टर्मला. "जिऑलॉजी सिव्हिलला लागतंच," नवरा फोन ठेवत म्हणाला. रात्री बघते तर एक्सेल पुन्हा उघडलेलं. कोलंबियात चार-दोनचीही सोय आहे म्हणे. नवा रकाना तयार होता.