माळ्यावरचा स्पेक्ट्रम कामाला लावण्याची कृती

साहित्य: एक झेडएक्स स्पेक्ट्रम, एक सोल्डरिंग गन, एक मोबाइल आणि घरच्यांची सहनशक्ती. यातली शेवटची वस्तू आधी तपासून घ्यावी. बाकीच्या विकत मिळतात.

स्पेक्ट्रम म्हणजे केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेला घरगुती कॉम्प्युटर. प्रोसेसर झेड-८०, मेमरी ४८ केबी. मेमरीचा आकडा घरात सांगू नका. मामांकडून रोज सकाळी येणारं गुलाबाचं ‘शुभ सकाळ’ त्यात मावत नाही, हे हिशेबी माणसाच्या चटकन लक्षात येतं.

तुम्ही पुणेकर असाल तर शोध स्वतःच्या माळ्यापासून सुरू करा. ऐंशीच्या दशकात पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला होता. मुलगा हुशार निघेल या आशेवर घेतलेली ती यंत्रं अजून कुठे ना कुठे जुन्या दिवाळी अंकांखाली पडून असणार. माळ्यावर नसेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठा. कॉम्प्युटर कीबोर्डच्या आतच बसवलेला असल्याने विकणाऱ्याला तो नुसता कीबोर्ड वाटतो. तो गैरसमज दूर करणं तुमचं काम नाही.

घरी आणल्यावर तो लगेच चालू करायचा नाही. ही सूचना कोणी पाळत नाही, म्हणून कारण देतो. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि नऊ व्होल्टचा अडॅप्टर घरोघरी एका खोक्यात असतोच. पण त्या खोक्यातल्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेला आतून अधिक आणि बाहेरून उणे असतं. सिंक्लेअरने ते उलटं ठेवलं: आत उणे, बाहेर अधिक. पिन मात्र अगदी झोकात बसते. बसली की आतला एक चिमुकला ट्रान्झिस्टर जातो. हा ट्रान्झिस्टर ज्या सर्किटात आहे ते मेमरीच्या काही चिप्सना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन प्रकारचे व्होल्टेज मिळवून देतं. उणे पाच गेलं आणि बारा तसंच राहिलं, की चिप्सही मागोमाग जातात. अडॅप्टरवर एक वर्तुळ, एक ठिपका आणि अधिक-उणे अशी खूण छापलेली असते. ती भिंगातून बघा. मग मल्टिमीटरने पुन्हा बघा.

पुढचा टप्पा उघडण्याचा. कीबोर्डखालच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याला दोन पट्ट्या असतात, त्या बोर्डावरच्या खाचांत खोवलेल्या. चाळीस वर्षांत त्यांचा पापड झालेला असतो आणि झाकण जरा जास्त उचललं की त्या तुटतात. नवा पापुद्रा आजही तयार होतो आणि मिळतो, तेव्हा आधी तो मागवा आणि मगच स्क्रू काढा. सुकलेले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सगळे बदला. काही शुद्धतावादी मंडळी मूळ कॅपॅसिटर जपा म्हणतात. त्यांना यंत्र काचेच्या कपाटात ठेवायचं असतं, तुम्हाला ते वापरायचं आहे, ऐकू नका. नवे कॅपॅसिटर तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला चिल्लर पैशांत मिळतात. जुना काढण्यापूर्वी त्याची उणे बाजू कुठे आहे याचा फोटो घ्या, कारण उलटा लावलेला कॅपॅसिटर फुटतो, आणि तो नेमका तुम्ही डोकं खाली घालून बघत असताना फुटतो.

टीव्हीचं लवकर आटपू. मूळ यंत्र अँटेनाच्या भोकातून यूएचएफच्या ३६व्या चॅनलवर दिसतं. चित्राची वायर मधल्या मॉड्युलेटरला वगळून थेट बाहेरच्या सॉकेटला जोडली, की टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटातून स्वच्छ दिसतं. गल्लीतला जुना टीव्ही दुरुस्तीवाला हे चहा संपायच्या आत करून देतो.

आता बटणं. ‘प्रिंट’ हा शब्द तुम्ही सवयीने एकेक अक्षर दाबून टाइप कराल आणि पडद्यावर ‘प्रिंट रिंट’ उमटेल. कारण ‘पी’ दाबलं की अख्खा ‘प्रिंट’ येतो आणि तुमची उरलेली चार अक्षरं त्याला चिकटतात. इथे आज्ञेला एक बटण, आणि एका बटणाला चार-पाच अर्थ. ‘लोड’ हवा असेल तर ‘जे’. ‘बीप’ हवा असेल तर कॅप्स शिफ्ट आणि सिंबल शिफ्ट एकदम दाबून सोडायचे, मग सिंबल शिफ्ट धरून ‘झेड’. यात ‘बी’ कुठेही नाही. का नाही, हे विचारू नका, पाठ करा.

कॅसेटऐवजी मोबाइल चालतो. गेमची ध्वनिफीत मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या ‘इअर’ सॉकेटात सोडा, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावू लागतील. मोठा गेम यायला पाचेक मिनिटं लागतात. चौथ्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा मेसेज येईल, ‘टिंग’ वाजेल आणि पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ झळकेल. फोन आधीच विमान मोडवर टाका. एसडी कार्डाची जोडणीही मिळते, तिने क्षणात काम होतं. पण मग पट्टे दिसत नाहीत आणि पाहुण्यांना दाखवायला काही उरत नाही.

इथवर आलात की घरातून प्रश्न येईल, “याचा उपयोग काय?” घरखर्चाचा हिशेब, असं उत्तर नवशिके देतात. देऊ नका. ओळीत फक्त बत्तीस अक्षरं मावतात आणि स्विच नसल्याने पिन उपटली की हिशेबही जातो. खरा उपयोग त्या ‘बीप’मध्ये आहे.

‘बीप’ला दोन आकडे द्यायचे: किती सेकंद आणि कोणता सूर. शून्य म्हणजे पेटीची मधली पांढरी एक, आणि पुढे प्रत्येक आकड्याला एक पट्टी वर. पण सूर अपूर्णांकातही सांगता येतो. स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या मूळ माहितीपुस्तकात भारतीय संगीताचा उल्लेख करून एका पट्टीहून बारीक स्वर कसे वाजवायचे, हे चक्क दिलं आहे. पेटीचा शुद्ध गंधार चारवर असतो. तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार ३.८६ वर. याच जातीच्या तक्रारींमुळे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दाराबाहेर ठेवलं होतं. आधी सा वाजवा, मग ४, पुन्हा सा, मग ३.८६. दोन गंधारांतला फरक शेजारच्या खोलीत भाजी चिरणाऱ्या माणसालाही कळतो.

काळी चारमध्ये गाणाऱ्यांनी पहिल्या ओळीत ‘एस’ला उणे चार द्यावं आणि पुढचे सगळे सूर ‘एस अधिक अमुक’ असे लिहावेत. पट्टी बदलायची तर एकच आकडा बदलायचा. मर्यादाही सांगून ठेवतो. एका वेळी एकच सूर निघतो, दहा सेकंदांहून लांब सूर मागितला तर यंत्र नकार देतं, आणि आवाज गिरणीच्या भोंग्याच्या धाकट्या भावाचा. प्रोसेसर स्वतः मोजून मोजून स्पीकर आत-बाहेर ढकलतो. खालच्या सप्तकात ते मोजमाप बारीक पडतं, वर गेलं की जाड होतं. म्हणून तारसप्तकात अचूकतेचा हट्ट धरू नका. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं, असं कोणीतरी म्हणेलच. त्या ॲपमध्ये गंधार दुसऱ्याने ठरवलेला असतो, एवढं म्हणून गंधाराच्या ओळीत दुसरा आकडा घाला.

गाण्याच्या बाईंना ऐकवाल तेव्हा आकडे आधी सांगू नका. त्यांनी “जरा चढव” म्हटलं तर मुकाट्याने ३.९ करा. दरबारीच्या गंधाराच्या वाटेला जाऊ नका. त्याचं आंदोलन ‘बीप’ला झेपत नाही आणि बाईही रागावतात. पहिल्या वर्षी भूप पुरे: ०, २.०४, ३.८६, ७.०२, ८.८४. वरचा सा १२.