होर्मुझ व्हाया मनमाड

आखातात कुठं खुट्ट झालं की आपल्या वृत्तवाहिन्यांवर निळ्या समुद्राचा नकाशा येतो. चिंचोळ्या जागी लाल बाण, बाणाशेजारी एक निवृत्त कर्नल आणि कर्नलसाहेबांच्या तोंडी होर्मुझ. जग रोज जेवढं तेल जाळतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा या सामुद्रधुनीतून जातो, हे आता शेंबडं पोरही सांगेल. परभणीकराला मात्र होर्मुझचं फारसं कौतुक नाही. त्याची सामुद्रधुनी मनमाडला आहे.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईचं पेट्रोल पाइपातून तिथवर येतं आणि तिथून टँकरनं मराठवाड्याची वाट धरतं. वाट जितकी लांब तितकं भाडं चढतं. त्यामुळे राज्यात सर्वांत महाग पेट्रोल कुठं, असं कुणी विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं. २०२१ च्या सुरुवातीला पेट्रोलची शंभरी जवळ आली तेव्हा परभणीचं नाव थेट दिल्लीच्या बातम्यांत झळकलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे इतकी वर्षं लोक उगाच म्हणत नव्हते.

पण टँकरच्या भाड्यानं फरक पडून पडून किती पडणार? लिटरमागं दोन-तीन रुपये. बाकीचे रुपये कुठं चढतात, ते पाहायला २०२० सालात जावं लागतं.

२० एप्रिल २०२०. अमेरिकेतल्या वायदे बाजारात तेल शून्याच्याही खाली गेलं: पिंपाला उणे ३७ डॉलर. तेल न्या आणि वर पैसेही न्या. आपण ते तेल घेत नव्हतो, हे कबूल. पण आपण जे घेत होतो तेही त्या महिन्यात सरासरी २० डॉलर पिंपानं मिळत होतं. पिंपात १५९ लिटर, डॉलर तेव्हा ७६ रुपयांच्या आसपास. करा भागाकार. कच्चं तेल लिटरला साडेनऊ रुपये! एसटी स्टँडवर पाण्याची बाटलीसुद्धा तेव्हा याहून महाग होती. आपण त्या दिवसांत थाळ्या वाजवून, दिवे लावून घरात बसलो होतो आणि दारातल्या गाडीवर धूळ साचत होती. अशात ५ मेच्या रात्री केंद्रानं पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. मार्चमध्ये वाढवलेले ३ रुपये वेगळेच. पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क झालं ३२ रुपये ९८ पैसे. साडेनऊ रुपयांच्या तेलावर.

तेलाचा भाव पडतो तेव्हा तो पंपापर्यंत पडत येत नाही, वाटेतच कुणीतरी झेलतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तसाच झेल घेतला गेला. तेल चार वर्षांच्या नीचांकावर आलं आणि केंद्रानं शुल्क लिटरमागं २ रुपयांनी वाढवलं. सोबत खुलासा होता की पंपावरचा भाव वाढणार नाही, ग्राहकाला झळ बसणार नाही. खोटं कसं म्हणावं? जे ताटात पडलंच नाही, ते काढून घेतल्याचं दुःख कुणाला व्हायचं!

आणि हे पैसे केंद्र राज्यांना वाटत असेल, असंही समजू नका. २०२१ पासून पेट्रोलवरच्या शुल्कातला ‘मूळ’ म्हणावा असा भाग होता १ रुपया ४० पैसे. वाटणी होते ती तेवढ्याचीच. उरलेलं सगळं उपकर आणि विशेष अतिरिक्त अमुकतमुक, ज्यात राज्यांना हात घालता येत नाही. राज्यांनी यावर गळा काढला. काढताना त्यांचा स्वतःचा हात आपल्या खिशात होता.

आपल्या महाराष्ट्राचंच घ्या. २०१५ साली दुष्काळ पडला म्हणून पेट्रोलवर लिटरमागं २ रुपये जादा लावले. तिथवर ठीक, दुष्काळग्रस्तांसाठी कुणीही दोन रुपये देईल. मग पाऊस आला, धरणं भरली, काही ठिकाणी पूरही येऊन गेला. अधिभार जागचा हलला नाही. पुढं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचा महसूल बुडाला. त्याच एप्रिलमध्ये पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढले. म्हणजे ज्यानं आयुष्यात कधी बाटलीला हात लावला नाही, तो माळकरीही स्कूटरमध्ये पेट्रोल भरता भरता बिअर बारचं नुकसान भरून देऊ लागला. महाराष्ट्राच्या पुरोगामी परंपरेत ही नोंद कुणी करत नाही, याचं वाईट वाटतं.

हे सगळं जीएसटीत घाला म्हणजे कटकट मिटेल, असं भाबडी माणसं अजूनही म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला जीएसटी परिषदेत विषय निघाला होता. निघाला तसा आत गेला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तिथं एका सुरात ‘आत्ता नको’ म्हणाले. राष्ट्रीय एकात्मता हवी असेल तर पेट्रोलसारखं साधन नाही.

बरं, होर्मुझचा धाक दाखवावा, तर आता टाकीतला पाचवा हिस्सा होर्मुझहून येतच नाही. तो येतो कोल्हापूर-सांगलीच्या मळीतून, उसाच्या रसातून, मक्यातून. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, अॅव्हरेज थोडं घटलं, भाव होता तिथंच राहिला. आमचा ऊस आमच्याच गाडीत आखाती भावानं जळतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात म्हणून मी यावर फार बोलत नाही.

मग हा भाव हलतो तरी कशानं? कागदावर पेट्रोल २०१० पासून आणि डिझेल २०१४ पासून बाजाराच्या हवाली आहे. २०१७ च्या जूनपासून तर रोज सकाळी सहाला नवा भाव, अशी शिस्त लागली. या शिस्तीला मे २०१८ मध्ये कर्नाटकाच्या मतदानाआधी एकोणीस दिवस डुलकी लागली. मतदान झालं आणि दोन दिवसांत ती जागी झाली. खरी गाढ झोप लागली ती नोव्हेंबर २०२१ नंतर. उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा, उत्तराखंड, मणिपूर: पाच राज्यांच्या निवडणुका तोंडावर होत्या. रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातल्या, तेल भडकलं, पंपावरचा आकडा ढिम्म. ७ मार्च २०२२ ला ब्रेंट कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलरला शिवून आलं. त्याच दिवशी उत्तर प्रदेशात शेवटच्या टप्प्याचं मतदान होतं. १० मार्चला निकाल, २२ मार्चला भाववाढ सुरू, सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ, लिटरला एकूण १० रुपये. मुंबईत पेट्रोल १२० वर.

कंपन्यांनी तेव्हा तोटा सोसला, हे खरं आहे आणि ते आपल्याला वारंवार सांगितलं गेलं. पुढं २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला. आधीचा तोटा कुणासाठी सोसला, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. त्या नफ्यातून आपल्या वाट्याला आली लिटरमागं २ रुपयांची कपात, १४ मार्च २०२४ च्या रात्री. दोन दिवसांनी लोकसभेचा कार्यक्रम जाहीर झाला.

व्हिएन्नात ओपेकचे मंत्री कधी बसतात, किती उत्पादन घटवतात, यावर डोळे लावून बसलेल्या अभ्यासकांबद्दल मला आदर आहे. पण टाकी फुल्ल कधी करायची, हे विचारायचं असेल तर मी तालुक्याच्या कार्यकर्त्याला फोन लावीन. मतदार यादीची दुरुस्ती कुठवर आली, त्याला पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, तेव्हा लोकशाहीची हानी झाली म्हणून बरेच अग्रलेख आले. लिटरमागं किती रुपयांची हानी झाली, ते कुणी लिहिलं नाही.