उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव

बोईसरच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपात हा माणूस असतोच. पालघरला, सफाळ्याला, डहाणूलाही तो सापडतो. पण बोईसरला त्याचं पीक जोमदार येतं, कारण १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि शेजारची एमआयडीसी यांनी निवृत्त इंजिनिअरांचा भरपूर साठा परिसरात करून ठेवला आहे. सकाळी सहाला कुणीतरी दवबिंदू पडलेला गुलाब आणि 'शुभ सकाळ' टाकतं. सहा वाजून एक मिनिटाने त्याखाली याचं उत्तर येतं : '–९९९९'. पुढेमागे एक शब्द नाही. सी विंगमध्ये नव्याने आलेल्या भाडेकरूला तो कुणाचा तरी ओटीपी वाटतो, सेक्रेटरींना ती मेंटेनन्सची थकबाकी वाटते, आणि गुलाब टाकणाऱ्या आजोबांना आपल्याला एवढे मार्क मिळाले याचा आनंद होतो. वजाचं चिन्ह त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

हा आकडा त्याने मनाने काढलेला नाही. त्यामागे यूजनेट हे संगणकांवरचं जुनं चर्चांचं जाळं आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना काढली आणि पुढच्या वर्षी ते चालू झालं. विषयवार गट, आणि प्रत्येक संदेशाची नक्कल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर. मालक कुणीच नाही. या माणसाला ते कुठे भेटलं असेल याचे दोनचारच रस्ते आहेत : मुंबईतल्या एखाद्या संस्थेत प्रशिक्षणाला गेला तेव्हा, परदेशी शिकणाऱ्या मुलाकडे राहिला तेव्हा, किंवा १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं त्यानंतर. मराठी माणसांचाही तिथे एक गट होता, सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी. देवनागरी टाइप करायची सोय नव्हती, म्हणून मराठी रोमन लिपीतच लिहायची. नेटकं लिहिणारे अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सची पद्धत पाळत. त्या सवयीने हा माणूस आजही 'पाणी' लिहिताना 'ण'साठी न चुकता कॅपिटल एन टाकतो, आणि टाकी फुटल्याचा निरोप जणू शुद्धलेखनाच्या परीक्षेला बसवून पाठवतो.

मालकच नसल्यामुळे कुणाला काय दाखवायचं हे ठरवणाराही कुणी नव्हता. ते काम वाचकाच्या स्वतःच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमचं, म्हणजे न्यूजरीडरचं. लॅरी वॉल यांनी पुढे पर्ल ही भाषा रचली. पण त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी 'आरएन' नावाचा न्यूजरीडर लिहिला होता आणि त्यात 'किल फाइल' होती. एक कळ दाबली की तो विषय पुन्हा डोळ्यांपुढे येत नसे. दुसऱ्या एका कळीने अख्खा गट न वाचताच 'वाचला' म्हणून नोंदवता येई, आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे. पुढे जॉन डेव्हिस यांच्या 'एसएलआरएन'ने गुण द्यायची सोय केली. साधी मजकुराची फाइल : चौकटी कंसात गटाचं नाव, त्याखाली गुण, त्याखाली कुठल्या लेखकाला किंवा विषयातल्या कुठल्या शब्दाला ते द्यायचे. आवडत्या लेखकाला अधिक शंभर, रटाळ विषयाला उणे पन्नास. उणे ९९९९ पर्यंत पोचलेला लेख यादीतून गायब. हा माणूस त्या फाइलीवर असा लुब्ध झाला की यूजनेट सुटलं तरी गुण देणं सुटलं नाही. लग्नातला डीजे उणे ९९९९. घोलवडचा चिकू अधिक पाचशे, अढीतून वेळेवर काढला असेल तर. डहाणू लोकल जाताना अधिक दोनशे, येताना विरारला मिळालीच नाही तर थेट उणे ९९९९. व्याही मंडळींचे गुण तो घरात जाहीर करत नाही. पण ते कुठेतरी लिहिलेले आहेत, अशी सुनेला खात्री असते.

गुणांखालोखाल त्याचा जीव विषयाच्या ओळीत. 'आलं का?' असा दोन शब्दी प्रश्न ग्रुपात पडला की तो उलट विचारतो, 'काय? पाणी, वीज, गॅसवाला की पाहुणे?' पन्नास ओळींच्या संदेशाला कुणी खाली नुसतं 'हो' लिहिलं की कुठल्या ओळीला हो, याचा खुलासा मागतो. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा द्यायला तो तयार नसतो. 'वर बघा' म्हणतो, आणि वर अडीचशे संदेश असतात. बायका त्याला 'काका' म्हणून निभावून नेतात, पुरुष 'साहेब' म्हणून टाळतात, आणि पोरं त्याच्या नावाचे स्टिकर बनवतात. त्या स्टिकरवर कुठला आकडा असतो, ते सांगायला नको.

तरीही हा माणूस मुळात बरोबर आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा पुरावा त्याच्याच धंद्यात मिळतो. ज्या १९७९ साली यूजनेटची कल्पना निघाली, त्याच वर्षी २८ मार्चला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभराहून जास्त अलार्म वाजले. चौकशी आयोगाने नोंदवलं की बिनमहत्त्वाचे इशारे दाबून महत्त्वाच्यांकडे लक्ष देता यावं, अशी सोयच तिथे नव्हती. कंट्रोल रूमच्या पाळ्या केलेल्या माणसाला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. त्याच्या लेखी गोंगाट दाबणं हा माणूसघाणेपणा नसून सुरक्षेचा भाग आहे. बोईसरच्या ग्रुपात एकाच सकाळी सोळा गुलाब, चार सुविचार, गुडघेदुखीवरचा एक काढा, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी 'एमआयडीसीच्या बाजूने उग्र वास येतोय, खिडक्या लावून घ्या' असा निरोप येतो. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना तो एक निरोप वेळेवर दिसणं गरजेचं आहे. त्यासाठी आपण काय करतो? अख्खा ग्रुप म्यूट करतो. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा. गुलाब गेला तसा वासाचा निरोपही गेला. व्यक्ती किंवा विषय पाहून गाळायची जी सोय १९८४ च्या आरएनमध्ये होती, ती आपल्या खिशातल्या महागड्या फोनवरच्या ग्रुपात नाही, हे त्याचं दुखणं नीट ऐकलं तर आपलंही आहे.

यावर पहिला आक्षेप असा की न आवडणारं सगळं गाळत गेलं तर माणूस आपल्याच मतांच्या कोंडाळ्यात बसतो. आक्षेप खरा आहे. पण तो या माणसापेक्षा आपल्याला जास्त लागू पडतो. त्याने काय गाळलं हे त्याच्या फाइलीत त्याच्याच हाताने लिहिलेलं असतं. उघडून वाचता येतं, खोडता येतं. आपल्या फोनवर व्हिडिओ आणि बातम्यांची रांग लावणारी कंपनी कशाला किती गुण देते, ते आपल्याला कुणी दाखवत नाही. गाळणी दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की त्याची गाळणी त्याच्या मालकीची आहे आणि आपल्या गाळणीचे मालक भलतेच आहेत. शिवाय त्याच्या यंत्रात गुण वाढवायचीही सोय होती. कमी लिहिणारा, पण कामाचं लिहिणारा माणूस यादीत वर आणता येई. ग्रुपात गप्प राहून महिन्याने एकदा बोलणारे प्लंबर मामा अशा हिशेबात अध्यक्षांच्या वर जातात. ते अध्यक्षांना रुचणार नाही, एवढीच अडचण.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. एवढी हुशार यंत्रं असूनही यूजनेट ओसाड पडलंच ना? पडलं. १९९३ च्या सप्टेंबरपासून नवख्यांचा लोंढा आला, आणि तो सप्टेंबर संपलाच नाही असं जुने लोक म्हणतात. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून जास्त गटांत टाकली. तीही प्रत्येक गटात वेगवेगळी, त्यामुळे न्यूजरीडरला सगळ्या मिळून एकच आहेत हे ओळखता येईना. एकच फॉरवर्ड सोसायटी, शाळा, भजनी मंडळ आणि मामेभावंडं अशा चार ग्रुपांतून येतो, त्याचं मूळ इथवर मागे जातं. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरचे नवे संदेश घेणंही थांबवलं. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमातून आजही ते वाचता येतं. पण जुन्या गटांतली वर्दळ ओसरली. या माणसाची गुणांची फाइल अजून शाबूत आहे, आणि गाळावं असं लिहिणारंही तिथे फारसं कुणी उरलेलं नाही.

म्हणून हे मान्य करायला हवं की खासगी गाळणीने सार्वजनिक जागा साफ होत नाही. मी अफवा वाचली नाही, तरी शेजारी वाचतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात फार फिरलेल्या संदेशांना एका वेळी एकच, अशी मर्यादा आली. त्याच महिन्यात १६ तारखेच्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला, चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. इथे उणे ९९९९ चा उपयोग शून्य. पण या माणसाची दुसरी खोड इथे उपयोगी पडते. यूजनेटच्या प्रत्येक लेखाच्या माथ्यावर तो कुणी लिहिला, कुठल्या तारखेला, त्याचा ओळख क्रमांक काय, आणि तो कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरत आला, हे छापलेलं असे. त्यात लबाडी करता येत नसे असं नाही, पण विचारायची सवय लागत असे. 'आज रात्री मोठा भूकंप होणार' हा निरोप डहाणू-तलासरीच्या लोकांना गमतीचा वाटत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून तिथे धक्के बसताहेत. सगळा ग्रुप हात जोडलेल्या इमोजींनी भरत असताना हा एकटा विचारतो, 'तारीख? मूळ कुठलं? भूकंपाची वेळ आधी सांगता येते, हे कुणी सांगितलं?' तो आगाऊ वाटतो. तोच एकटा कामाचं बोलत असतो.

तिसरा आक्षेप त्याच्यावर कुणी घेत नाही. तो स्वतःच स्वतःवर घेतो. सहाचा गुलाब हा निव्वळ कचरा आहे का? कंट्रोल रूममध्ये काही दिवे सतत जळत असतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. त्यातला एखादा विझला की मात्र धावपळ होते. एकटे राहणारे आजोबा रोज सहाला गुलाब टाकतात, त्याचा एकच अर्थ असतो : उठलो, ठीक आहे. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला, आणि हा निरोप नीट वाचणारा माणूस सी विंगमध्ये. एखाद्या सकाळी गुलाब आला नाही, की सव्वासहाला पहिला फोन जातो तो याच माणसाचा. उणे ९९९९ लिहिण्यासाठी तो रोज सहा वाजता फोन हातात घेऊन बसलेला असतो, त्यामुळे गैरहजेरी त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणंच शक्य नाही. अशी गैरहजेरी टिपणारा नियम त्याच्या लाडक्या फाइलीत लिहिता येत नव्हता. आणि त्या फाइलीत एक गोष्ट होती, ती तो आपणहून कुणाला सांगत नाही. कुठल्याही नियमाला मुदत घालता येत असे. अमुक तारखेनंतर तो आपोआप रद्द. शिस्तीचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या या माणसाचे सगळे राग मुदतीचे असतात. सेक्रेटरींशी पार्किंगवरून झालेलं भांडण गणपतीपर्यंत, व्याह्यांचा रुसवा दिवाळीपर्यंत. त्याला मनातून हटवावं असं कितीही वाटलं, तरी इथे त्याला थोडे गुण वाढवून द्यावे लागतात.

तेव्हा सेक्रेटरींना सल्ला असा : या माणसाला ॲडमिन करू नका, पहिल्याच आठवड्यात ग्रुप रिकामा होईल. पण त्याच्याकडून तीन गोष्टी उचला. निरोपाच्या सुरुवातीला विषय आणि विंग लिहा. पाणी, वीज, वायू आणि लोकल यांच्यासाठी फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा वेगळा ग्रुप काढा. ती सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. तो ग्रुप मात्र म्यूट करू नका. आणि फॉरवर्डवर तारीख आणि मूळ सापडलं नाही, तर तो निरोप तुमच्या फोनवरच थांबू द्या.