दहा नंबरी गुरुजी

निवृत्तीनंतर माणूस कशाच्या नादी लागेल हे त्याच्या पेन्शनच्या कागदांवर लिहिलेलं नसतं. कोणी कारंज्याच्या गुरुमंदिराची वारी धरतो, कोणी भावकीतला धुऱ्याचा जुना वाद उकरून काढतो. आणि वाशिम जिल्ह्यात बहुतेक प्रत्येक कॉलनीत एक जण गाडीचं बोनेट उघडतो. त्याला आपण गुरुजी म्हणू, कारण तो बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच निवृत्त झालेला असतो.

गाडी अर्थातच मारुती ८००. कंपनीने २०१४ मध्ये ती बनवणं थांबवलं. गुरुजींनी चालवणं थांबवलं नाही.

या छंदाचं मूळ गॅरेजातल्या मोडक्या खुर्चीत आहे. नोकरीभर गुरुजी तिथे बसले. मेकॅनिक बोनेटमध्ये डोकं घालून आतूनच निकाल द्यायचा, ‘सेल्फ गेला’ किंवा ‘कॉइल बसली’. सेल्फ कुठे गेला आणि कॉइल कुठे बसली, हे विचारायचा धीर होत नसे. ‘हो ना, मलाही तसंच वाटलं,’ म्हणून गुरुजी पैसे मोजत. ‘समजलं नसेल तर हात वर करा’ असं आयुष्यभर पोरांना सांगणाऱ्या माणसाने स्वतःचा हात कधी वर केला नाही. वर मेकॅनिकचं ठरलेलं वाक्य असे, ‘पार्ट अकोल्याहून बलवा लागन, गुरुजी.’ वाशिम १ जुलै १९९८ला अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण हे पार्टला कोणी कळवलं नसावं.

मग साठी उलटल्यावर नातवाने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला आणि गुरुजींना विद्या प्राप्त झाली. विद्या एकच, बॅटरीचे टर्मिनल साफ करणे. ती त्यांनी दोनशेपानी वहीत रीतसर उतरवली. साहित्य: दहा नंबरचा पाना, खाण्याचा सोडा, गरम पाणी, जुना टूथब्रश, व्हॅसलीन. कृती: टर्मिनल सोडवून त्यावरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने घासावी, टर्मिनल कोरडी करून पुन्हा घट्ट आवळावी, वरून व्हॅसलीन लावावे. दक्षता: ऋण टोक आधी सोडावे, जोडताना मात्र शेवटी जोडावे. ‘कारण लिहा, दोन गुण’ असा प्रश्न घालून त्यांनी कारणही लिहिलं होतं: गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते जोडलेलं असताना धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकला, तर दिवाळी तिथेच.

आता कॉलनीत कोणाची गाडी नुसती ‘टक’ करून गप्प बसली की गुरुजी बनियनवर हजर. सोबत पाना असतो, पण आधी तोंडी परीक्षा होते.

‘हॉर्न वाजते?’

‘वाजते.’

‘लाइट लागते?’

‘लागते.’

‘मंग गाडी काहून लागत नाही? सांगा!’

गाडीवाल्याला ऑफिसला जायचं असतं. पण उत्तर आल्याशिवाय पाना फिरत नाही. शेवटी गुरुजीच सांगतात की हॉर्नला करंट लागतो जेमतेम आणि सेल्फला लागतो शंभर अँपिअरच्या वर. बुरशी चढलेल्या टोकातून थोडका करंट निघतो, मोठा अडतो. तहसीलमध्ये किरकोळ दाखला मिळतो आणि फेरफार अडकतो, तसंच. हे पटतं, सोडा फसफसतो आणि गाडी खरंच सुरू होते. सगळा घोटाळा इथेच आहे. विद्या दहापैकी दहा वेळा फसली असती, तर गुरुजी धुऱ्याच्या वादाकडे वळले असते. ती अधूनमधून लागू पडते. मंगरुळपीरच्या एका लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी त्यांनी मांडवाच्या दारात सुरू करून दिली, तेव्हापासून पत्रिकेवर नाव नसलं तरी बोलावणं असतं.

घरात मात्र वेगळं चित्र आहे. सोडा भज्यांपेक्षा बॅटरीला जास्त जातो. ‘अहो, माझा ब्रश जुना झाला नव्हता,’ ही तक्रार रोज सकाळची. उन्हाळ्यात तर गुरुजींना श्वास घ्यायला फुरसत नसते. वाशिमच्या उन्हात बॅटरीतलं पाणी आटतं, म्हणून ते डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन दारोदार फिरतात आणि लोक त्यांना पाहून आपापली बोनेटं घट्ट लावतात.

एकदा शेलूबाजारच्या अलीकडे एकाची गाडी बंद पडली. गुरुजी त्याच गाडीत बसलेले. त्यांनी टर्मिनल सोडली, घासली, जोडली. परत सोडली, परत घासली. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून सोयाबीन नेणारा एक पोरगा थांबला आणि म्हणाला, ‘गुरुजी, पेट्रोल हाये काय?’ नव्हतं. गुरुजी जराही ओशाळले नाहीत. ‘पेट्रोल हा पुढच्या इयत्तेचा भाग आहे,’ म्हणाले.

गॅरेजात ते अजूनही जातात, पण खुर्चीत बसत नाहीत. मेकॅनिकच्या खांद्यावरून डोकावत ‘आधी ऋण, बाळा, आधी ऋण’ असं सांगत राहतात. एक दिवस त्या बिचाऱ्याने पाना त्यांच्या हातात दिला. ‘तुमीच करा गुरुजी. मी शाळेत जाऊन वर्ग घेतो.’ त्यावर गुरुजींनी त्याला विचारलं, ‘डीएड झालंय का?’

मग पुण्याहून मुलगा आला, विजेवरची नवी गाडी घेऊन. कॉलनी सुखावली. या गाडीला इंजिन नाही, प्लग नाहीत, ऑइल नाही. आता गुरुजी खरे निवृत्त होणार! मुलाने बोनेट उघडून जाड नारिंगी केबली दाखवल्या. ‘बाबा, याला हात लावायचा नाही. जीव जाईल.’ गुरुजींनी हात पाठीमागे बांधले आणि आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे वाकून पाहू लागले. बराच वेळ पाहिलं. आणि एका कोपऱ्यात त्यांना ती दिसली: बारा व्होल्टची साधी, काळी, छोटी बॅटरी. एवढ्या महागड्या गाडीचं सगळं डोकं जागं व्हायला हीच लागते, असं मुलानेच कबूल केलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. ‘वही आण,’ नातवाला म्हणाले. ‘पान नवीन काढ. आणि तुझ्या बाबाला समोर बसव.’