आप्पांचा कप

आमच्या सोसायटीतले आप्पा बँकेत कॅशियर होते. संध्याकाळी रोकड पैशापैशानं जुळल्याशिवाय त्यांनी कुणाला घरी जाऊ दिलं नाही. निवृत्त झाले आणि जुळवायला रोकड उरली नाही. तेव्हा ते स्वयंपाकघरात शिरले.

सुनेनं न्यू जर्सीहून स्ट्रॉबेरी जॅमची कृती पाठवली. पहिलीच ओळ होती, ‘चार कप स्ट्रॉबेरी, चिरून’. शहाण्या माणसानं महाबळेश्वरची दोन खोकी आणून पातेलं चढवलं असतं. आप्पांनी फोन लावला.

“कप कुठला? तुमचा 237 मिलिलिटरचा, की ऑस्ट्रेलियातला 250चा?”

तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

“बरं, आधी मोजून मग चिरायच्या, की आधी चिरून मग मोजायच्या?”

प्रश्न खुळा वाटतो, पण खुळा नाही, आणि तोच खरा ताप आहे. कपभर अख्ख्या स्ट्रॉबेरी साधारण 144 ग्रॅम भरतात. चकत्या केल्या की त्याच कपात 166 ग्रॅम मावतात. कुस्करून भरल्या तर 232, म्हणजे जवळजवळ पाण्याइतक्या. फळ तेच, मधली हवा तेवढी गेली. चार कपांमागे अख्ख्या आणि चिरलेल्या फळांत 88 ग्रॅमचा फरक पडतो! रासबेरी तर आतून पोकळच. तिचा कप 123 ग्रॅमवर आटोपतो. “म्हणजे लोक हवेला साखर घालतात,” आप्पा म्हणतात, आणि अफरातफर पकडल्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर येतं.

देठ काढण्यापूर्वीचं वजन, काढल्यानंतरचं वजन आणि धुतल्यावर चिकटलेलं पाणी, असं सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून झालं. दुपारी व्हायचा तो जॅम दिवेलागणीला उतरला. उत्तम झाला, हे कबूल करायला हवं. साखरेचं प्रमाण फळाच्या वजनावर बसतं, कपावर नाही. आप्पा बरोबरच असतात. त्यांच्याशी जमत नाही ते एवढ्यासाठीच.

आप्पांच्या आई मापटं भरताना वर शीग लावायच्या, म्हणे. त्या घरात हा गृहस्थ कसा निपजला कोण जाणे.

मे महिन्यात आप्पा-काकूंबरोबर कोकणात जायचा योग आला. रस्त्याकडेला एक बाई करवंदं विकत होती, ग्लासाच्या मापानं. तिनं ग्लास भरला आणि वर चांगली शीग लावली. आप्पांनी हात धरला. “शीग नको. माप काठोकाठ सपाट हवं, नाहीतर हिशेब लागत नाही.”

स्वतःच्या तोट्यासाठी भांडणारं गिऱ्हाईक तिनं बहुधा कधी पाहिलं नसावं. तिनं एकदा काकूंकडे पाहिलं.

“काढा, ताई, काढा,” काकू म्हणाल्या, आणि काढलेल्या शिगेखाली त्यांनी पिशवी धरली.